विजयदुर्गचा हेलियम आजही घालतो कोडे
खास प्रतिनिधी

मालवण : देवगड तालुक्यातील विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' आजही पाहावयास मिळतात. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे निरीक्षण ब्रिटिश शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी येथून केले. हेलियमचा शोध येथेच लागला, अशी जिल्ह्यात समजूत आहे. वस्तुतः हेलियमची पिवळी वर्णरेषा लॉकियर यांनी १८६८ मध्येच इंग्लंडमधून टिपली होती. मात्र या मूलद्रव्याविषयीचे कुतूहल दीडशे वर्षांनंतरही संपलेले नाही.

हेलियमच्या केंद्रकात दोन प्रोटॉन व दोन न्यूट्रॉन असतात. या कणांमधील बलांपासून आरंभ करून, प्रत्येक केंद्रकासाठी वेगळी जुळवाजुळव न करता, केंद्रकाचे गुणधर्म गणिताने काढणे हे मूलतत्त्वाधारित अणुकेंद्रीय सिद्धांताचे उद्दिष्ट. पूर्वी ही पद्धत हलक्या केंद्रकांपुरती मर्यादित होती. २०२२ मध्ये तिने २०८ कणांच्या शिशापर्यंत मजल मारली.

तरीही साध्या हेलियमनेच तिची परीक्षा घेतली. जर्मनीतील माइन्त्स येथे झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हेलियम केंद्रक उत्तेजित होण्याचे प्रमाण प्रचलित गणिताच्या जवळपास निम्मे आढळले. २०२४ मध्ये वेगळ्या पद्धतीच्या गणिताने मोजमापाशी मेळ साधला. साहजिकच प्रश्न उरतो, तो कोणत्या गणितावर कितपत विसंबावे, हा. म्हणूनच उत्तरासोबत त्यातील अनिश्चितताही सांगणे, ही या क्षेत्राची पुढील दिशा मानली जाते.

हा प्रश्न भारतासाठीही दूरचा नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने कथील-१२४ या समस्थानिकाच्या न्यूट्रिनोविरहित दुहेरी बीटा ऱ्हासाचा शोध घेण्याचा प्रकल्प हाती घेतला. असा ऱ्हास आढळलाच, तर त्यावरून न्यूट्रिनोच्या वस्तुमानाचा अंदाज बांधण्यास केंद्रकाचे गणित लागेल. आज निरनिराळ्या पद्धतींची उत्तरे परस्परांच्या दुप्पट-तिप्पट भरतात. याच संस्थेतील नीलमणी माथुर यांनी परीक्षित जुन्नरकर यांच्यासह २०१९ मध्ये क्वार्कच्या पातळीवरून जड द्विकण-बंधांचे भाकीत केले. म्हणजेच गणिताची परंपरा आपल्याकडे आहे. तिला महासंगणकाचा पुरेसा वेळ व तरुण संशोधकांची जोड हवी.

विजयदुर्गावर दरवर्षी १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. शोधाच्या श्रेयापेक्षा या न सुटलेल्या कोड्यांची ओळख त्या दिवशी विद्यार्थ्यांना करून दिली, तर किल्ल्याच्या वारशाचे चीज होईल.