वादीच न्यायाधीश झाला तर?

खोट्या बातमीने माणसे मरतात, हे महाराष्ट्राला कोणी शिकवावयास नको. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, भिक्षेवर पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून आधीच घरोघर पोहोचली होती. अशा वेळी सरकारने हाताची घडी घालून बसावे, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र त्याच्या हाती कोणते हत्यार द्यावयाचे, याचा विचार नागरिकांनी केलाच पाहिजे.

कारण एक हत्यार आपण पाहिले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार शब्द लिहिले. दुसरीने त्यांस पसंती दर्शविली. दोघींनाही अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ हे कलम तेव्हा पोलिसांच्या हाताशी होते. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते घटनाबाह्य ठरविले. तरीही त्याखाली गुन्हे नोंदविले जातच राहिले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. सत्तेच्या हाती एकदा गेलेले हत्यार किती सहजासहजी खाली ठेवले जात नाही, याचा हा पुरावा.

दुसरे हत्यार इंटरनेटच बंद करण्याचे. काश्मीरमध्ये ५ ऑगस्ट २०१९ पासून ते वापरले गेले. वेगवान मोबाइल सेवा परत यावयास फेब्रुवारी २०२१ उजाडला. अनिश्चित काळासाठी अशी बंदी घालता येणार नाही आणि तिचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी सांगितले. बंदीने अफवा थांबते, हा युक्तिवाद आम्हांस पटत नाही. अफवा तोंडोतोंडीही पसरते. मात्र ती खोडून काढणाऱ्याचे तोंड बंद होते.

तिसरा प्रयत्न सर्वांत सभ्य दिसणारा, म्हणूनच सर्वांत घातक. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने नियम केला की, सरकारच्या कारभारासंबंधी कोणता मजकूर खोटा वा दिशाभूल करणारा आहे, हे सरकारचाच एक कक्ष ठरवील. तसा मजकूर न हटविणाऱ्या कंपनीचे कायदेशीर संरक्षण धोक्यात येईल. ज्याच्यावर टीका, तोच तिचा परीक्षक! सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा नियम रद्द केला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु त्यामागची वृत्ती न्यायालयाच्या निकालाने रद्द होत नसते.

कोणी विचारील, मग कंपन्यांना मोकळे रान द्यावयाचे काय? मुळीच नाही. राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा घातली. कोणाच्याही विचारावर बंदी न घालता अफवेचा वेग कमी करता येतो, हे त्यावरून दिसले. युरोपीय संघाचा डिजिटल सेवा कायदा १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झाला. मजकूर काढल्यास कारण द्या, तक्रारीची सोय ठेवा, आपल्या यंत्रणेमुळे निवडणुकांना काय धोका संभवतो हे मोठ्या कंपन्यांनी तपासा, असे तो बजावतो. अन्यथा जागतिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. तोही निर्दोष नाही. अतिबलाढ्य कंपन्यांवरील देखरेख तेथेही कार्यकारी यंत्रणेकडेच आहे. तथापि त्याचा रोख कंपन्यांच्या यंत्रणेकडे आहे. सरकारविषयीचे सत्य कोणते, हे ठरविण्याचा मक्ता त्याने सरकारला दिलेला नाही.

आमची मागणी एवढीच : मजकूर हटविण्याचा वा इंटरनेट बंद करण्याचा प्रत्येक आदेश लेखी, सकारण आणि जाहीर असावा, ज्याचे लेखन हटते त्यास आपली बाजू मांडता यावी, आणि अंतिम निवाडा सरकारपासून स्वतंत्र असलेल्या न्यायपीठाने करावा. अफवेला आळा घालण्यासाठी यापेक्षा अधिक अधिकार मागणाऱ्या सरकारला, मग ते कोणत्याही पक्षाचे असो, आपण प्रथम एकच प्रश्न विचारावा : उद्या तुम्हीच खोटे बोललात, तर ते सांगण्याची मुभा आम्हांस राहील काय?