धर्माचाही पेपर असावा

माझी भाची यंदा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचे मेजर इतिहास. मायनर म्हणून तिने तत्त्वज्ञान घेतले, कारण त्यात धर्मांचा तौलनिक अभ्यास आहे. घरी हे कळल्यावर दुल्हेभाईंनी विचारले, "याने नोकरी कुठली मिळणार?" आपाची काळजी वेगळी होती. "दुसऱ्यांचे धर्म शिकून पोरीचं ईमान डळमळलं तर?" पोरीला समजवायला मला बोलावण्यात आले. मी गेलो आणि तिचेच ऐकून परत आलो.

ती म्हणाली, "मामू, गेल्या वर्षी वर्गात तलाकचा विषय निघाला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. सर म्हणाले, तूच सांग, तुमच्यात काय असतं? मला काही सांगता आलं नाही. मी कुरआन दोनदा पूर्ण वाचलंय, पण अर्थ कुठे कळतो? आणि माझी मैत्रीण जैन आहे. ती सूर्यास्तानंतर जेवत नाही, एवढंच मला माहीत. का, ते मी कधी विचारलंच नाही."

हे अज्ञान तिच्या एकटीचे नाही. आपण धर्मावर रोज बोलतो, भांडतो, मतदान करतो. पण त्याची माहिती घेतो ती व्हॉट्सॲपवरून. घरी स्वतःचा धर्म श्रद्धेने शिकवला जातो, गल्लीत दुसऱ्याचा धर्म टिंगलीतून कळतो. प्रश्न विचारायची मुभा असलेली जागा मधे कुठेच नाही. मग अठरा वर्षांच्या मुलीला सबंध समाजाची प्रवक्ती म्हणून उभे केले जाते. तशी जागा कॉलेजचा वर्गच होऊ शकतो.

यावर लगेच विचारले जाते, "सेक्युलर देशात धर्म शिकवायचा?" इथे दोन गोष्टींची गल्लत होते. संविधानाच्या अनुच्छेद 28 नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिकवण देता येत नाही. पण 'हे माना' असे सांगणे वेगळे आणि 'लोक हे का मानतात' हे समजून घेणे वेगळे. 2002 साली अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक मान्य केला. त्या याचिकेमागची भीतीही मी खोटी म्हणणार नाही. 'मूल्यशिक्षणा'च्या नावाखाली एकाच धर्माचा पाठ सुरू होऊ शकतो. म्हणून अभ्यास कोण ठरवतो आणि कोण शिकवतो, यावर नजर ठेवायलाच हवी. पण त्या भीतीने विषयच सोडून दिला, तर तो प्रचारकांच्या हाती जातो.

राधाकृष्णन आयोगाने 1949 सालीच पदवीच्या मुलांना सर्व धर्मांच्या थोर प्रवर्तकांची चरित्रे आणि धर्मग्रंथांतील निवडक भाग शिकवावेत असे सुचवले होते. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात 1960 च्या दशकापासून धर्म-अध्ययनाचा स्वतंत्र विभाग आहे. आपल्याकडे पालीचे, संस्कृतचे, अरबीचे विभाग आहेत. पण सगळे धर्म एका बाकावर बसवणारे वर्ग फारच थोडे.

खरे तर महाराष्ट्राला हे नवे नाही. महात्मा फुल्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त असे कुटुंब कल्पिले, ज्यात कोणी बौद्ध, कोणी ख्रिस्ती, कोणी मुसलमान असेल आणि तरी सगळे गोडीने नांदतील. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1935 साली येवल्यात धर्मांतराची घोषणा केली, पण दीक्षा घेतली ती 1956 साली नागपुरात. मधल्या एकवीस वर्षांत त्यांनी धर्म वाचले, तपासले, एकमेकांशी ताडून पाहिले. आणि आपाला मी अल्-बिरूनीची गोष्ट सांगितली. हजार वर्षांपूर्वी हा मुसलमान विद्वान संस्कृत शिकला. इथले लोक काय मानतात, हे त्यांच्याच ग्रंथांवरून त्याने अरबीत लिहून ठेवले. त्याचे ईमान डळमळल्याचे कोणी लिहिलेले नाही.

आता थोडे आपल्याबद्दल. शाळेच्या पुस्तकात इस्लामबद्दल चुकीचे छापले की आपण निवेदन घेऊन जातो, आणि ते योग्यच आहे. पण वर्गात जे प्रश्न मनुस्मृतीला विचारले जातील, तेच आपल्या फिकहलाही विचारले जातील. स्त्रीचा हक्क कुठे, जात कुठे, सत्ता कोणाकडे? आपल्यातही अश्रफ आणि पसमांदा आहेत, हे त्या वर्गात बोलले जाईल. दुसऱ्याच्या धर्माची चिकित्सा आवडते आणि आपली निघाली की भावना दुखावतात, असे चालणार नाही. मोजपट्टी सगळ्यांना एकच हवी.

म्हणून काही गोष्टी आग्रहाने मांडाव्या वाटतात. हा विषय ऐच्छिक असावा, कोणावर लादू नये. शिकवायला प्रशिक्षित प्राध्यापक असावेत; दर धर्मासाठी एकेक मौलवी, पंडित, पाद्री बोलावणे म्हणजे अभ्यास नव्हे. ग्रंथांसोबत माणसांचे जगणेही शिकवावे: दर्गे, वारी, आदिवासींच्या श्रद्धा आणि नास्तिकांची परंपरासुद्धा. धर्म माहीत नाही म्हणून एखाद्या मुलाला वर्गात उभे करू नये.

नोकरीचे काय? दुल्हेभाईंना मी सरळ सांगितले की या विषयावर थेट नोकरी क्वचित मिळते. म्हणून तर तो मायनर आहे. पण पत्रकार, वकील, शिक्षक, पोलीस अधिकारी किंवा नर्स होणाऱ्या मुलीला रोज वेगवेगळ्या धर्मांच्या माणसांशीच काम पडणार आहे. त्यांना ओळखणे हीसुद्धा पात्रताच आहे.

आपा अजून पूर्ण राजी नाही. पण परवा जेवताना तिने लेकीला विचारले, "तुझी ती मैत्रीण रात्री का जेवत नाही गं?" लेकीने अहिंसा, अंधारात अन्नात पडणारे जीव, सगळे नीट समजावले. आपा ऐकत राहिली.

पुढच्या वर्षी प्रवेशाचा फॉर्म भरताना आपल्या मुलांना हा विषय घेऊ द्या. कॉलेजात तो नसेल, तर प्राचार्यांकडे जाऊन मागा. इतर धर्मांच्या पालकांना सोबत घेऊन जा.