देवाचा मुक्काम

आषाढी वारीसाठीं शेगांवाहून पंढरपुरास पायीं निघालेली श्रीगजानन महाराजांची पालखी आमच्या पातुरावरून जाते. टाळमृदंगाचा घोष कानीं पडतांच हातचें काम टाकून माणसें रस्त्याच्या कडेला उभीं राहतात. माणूस देवाकडे चालत जातो, हें आम्ही असें दरसाल पाहतों. मग देवही माणसाकडे चालत येतो काय?

ख्रिस्ती धर्मानें या प्रश्नाचें उत्तर एका नांवांत सांठविलें आहे. तें नांव इम्मानुएल. अर्थ, "आम्हांबरोबर देव". यशया संदेष्ट्याच्या ग्रंथांतील हें नांव मत्तय आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायांत येशूच्या जन्माशीं जोडतो. आणि आपण शिष्यांची सोबत कधींही सोडणार नाहीं, या येशूच्या आश्वासनानेंच तो आपला ग्रंथ संपवितो. योहानानें याच गोष्टीसाठीं मूळ ग्रीक भाषेंत योजिलेल्या शब्दाचा धात्वर्थ तर तंबू ठोकणें असा आहे. वारकऱ्यांच्या भाषेंत सांगावयाचें तर देवानें माणसांत मुक्काम केला.

येथवर सर्व गोड आहे. परंतु "आम्हांबरोबर" या शब्दांतले "आम्ही" कोण, हा प्रश्न तितकासा सोपा नाहीं. १९१४ व १९३९ सालीं सुरू झालेल्या दोन्ही महायुद्धांत जर्मन शिपायांच्या कमरपट्ट्यावर हेंच वाक्य कोरलेलें होतें, आणि तो पट्टा कमरेस बांधून कशीं कृत्यें झालीं, हें जगास ठाऊक आहे. पण दूर कशाला जावें? सामना जिंकला कीं देव आमच्या बाजूचा, पेपर सोपा निघाला कीं देव पावला. आणि शेजाऱ्याचें पीक बुडालें तर तें त्याचें कर्म! असा हिशेब आम्हांपैकीं पुष्कळजण ठेवतात. आमच्या मतें हा देवाचा सहवास नव्हे. देवाला आपल्या गोटांत ओढून नेणें होय.

मग देव बरोबर असल्याची खरी खूण कोणती? इ. स. १८९९-१९०० सालीं वऱ्हाडांत भयंकर दुष्काळ पडला होता. देव बरोबर होता तर पाऊस कां आला नाहीं, असें त्या वेळीं मांडीवर मूल दगावलेल्या एखाद्या मातेनें विचारलें असतें, तर तिला उपदेश करण्याचा अधिकार कोणास होता? देवानें आपणांस कां टाकलें, असें क्रूसावर खुद्द येशूनेंही विचारलेंच ना? या प्रश्नाचें उत्तर आम्हांपाशीं नाहीं, हें आम्ही प्रांजळपणें कबूल करितों.

तथापि एवढें आम्हांस दिसतें. त्या काळांत अलायन्स मिशननें अकोला व खामगांव येथें निराधार मुलामुलींस आश्रय दिला. त्यापूर्वीं, १८९६-९७ च्या दुष्काळांत, पंडिता रमाबाई स्वतः मध्यप्रांतांत गेल्या व सुमारें ३०० मुलींस मृत्यूच्या दाढेंतून काढून घेऊन आल्या. त्यांना पाऊस पाडतां आला नाहीं. पण जवळ जातां आलें. देव जवळ आला असें ज्यांस खरोखर वाटतें, तीं माणसें दुसऱ्याच्या जवळ जातात, हीच ती खूण.

आणि जवळ जातांना तीं जात किंवा पंथ विचारीत नाहींत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं १९१७ सालीं साताऱ्यास "देवाचा दरबार" उघडला, तेव्हां बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही त्यांत जागा ठेविली. दरबार देवाचा; आंत कोणी यावें हें दरवानानें ठरवावयाचें नसतें. ज्या गांवांत डोंगर कोरून केलेलीं प्राचीन लेणीं आहेत, रेणुकामातेचें ठाणें आहे आणि शेख बाबूंचा दर्गाही आहे, त्या आमच्या गांवास हें समजणें अवघड जाऊं नये.

विद्यार्थिमित्रहो, दुष्काळाची गोष्ट जुनी झाली म्हणून आपण सुटलों, असें समजूं नका. आजही कर्जापायीं आपल्या वऱ्हाडांत शेतकरी जीव देतात. अशा घरचें मूल चार दिवसांनीं शाळेंत परत येतें, खालीं मान घालून बांकावर बसतें, आणि काय बोलावें हें न सुचून आपण दुसरीकडे सरकतों. बोलण्याची गरज नसते. शेजारीं बसावें, आपल्या डब्यांतली अर्धी भाकर पुढें करावी, आणि बुडालेला अभ्यास उतरवून द्यावा. नाताळांत आम्ही भिंतीवर सोनेरी कागदाचीं अक्षरें कापून "इम्मानुएल" लिहितों. त्या मुलाच्या शेजारची जागा रिकामी राहिली, तर तीं अक्षरें कागदाचींच राहतील. ती जागा भरली, तर देवाचा मुक्काम आमच्याच वर्गांत पडला, असें म्हणण्यास आम्हांस मुळींच संकोच वाटणार नाहीं.