आन्सीचे तळे, सायकल आणि आपले हृदय : खिंड नको, किनारा धरा



मुलगा किंवा मुलगी युरोपात स्थायिक झालेले अनेक पालक उन्हाळ्यात तिकडे दोन-तीन महिने राहायला जातात. जाण्यापूर्वी बी.पी.च्या गोळ्या तीन महिन्यांच्या घेऊ का, विमानात पाय सुजतात त्याचे काय, असे प्रश्न ठरलेले असतात. अलीकडे त्यात आणखी एक प्रश्न आला आहे : "डॉक्टर, तिकडे तळ्याभोवती सायकल चालवायची आहे. चालेल ना?"

चालेल. चालवाच. पण कोणत्या रस्त्याने, हा प्रश्न औषधाच्या डोसइतकाच महत्त्वाचा आहे. त्याबद्दलचे माझे स्पष्ट मत आज मांडतो. उदाहरण म्हणून फ्रान्समधील आन्सीचे तळे घेऊ. जिनिव्हापासून ते सुमारे ४० कि.मी.वर आहे, त्यामुळे तिकडच्या मराठी कुटुंबांची ती शनिवार-रविवारची नेहमीची सहल असते.

एक तळे, तीन रस्ते

आन्सीचे तळे समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर, आल्प्सच्या डोंगरांमध्ये आहे. सायकलवाल्यांसाठी तिथे ढोबळमानाने तीन प्रकारचे रस्ते आहेत.

पहिला पश्चिम किनाऱ्याचा. आन्सी शहरातून निघून सेव्रिये, सें-जोरियो, द्वें या गावांवरून दुसारपर्यंत जाणारा हा मोटारींपासून वेगळा मार्ग जुन्या रेल्वेलाइनच्या जागेवर बांधला आहे. द्वेंला तर तुम्ही रेल्वेच्या जुन्या बोगद्यातूनच सायकल नेता. आगगाडीला तीव्र चढ चढता येत नाही, म्हणून हा मार्ग जवळजवळ सपाट आहे.

दुसरा पूर्व किनाऱ्याचा. ताल्वार, माँतों, वेरिये या गावांमधून जाताना थोडे चढ-उतार लागतात आणि काही भागात वाहनांबरोबर चालावे लागते. दोन्ही किनारे मिळून पूर्ण प्रदक्षिणा ४० कि.मी.च्या आसपास होते.

तिसरा डोंगराचा. कोल द ला फोर्क्ला ही खिंड सुमारे ११५० मीटरवर आहे, म्हणजे तळ्यापासून ७०० मीटर वर. वरून तळ्याचे जे दृश्य दिसते तेच बहुतेकांच्या फोटोत असते, म्हणून सगळ्यांना तिथे जायचे असते. आणि सेम्नो हा डोंगर तर त्याहून उंच. २०१३ च्या टूर द फ्रान्समध्ये सेम्नोच्या १०.७ कि.मी.च्या, सरासरी साडेआठ टक्के चढावर कोलंबियाचा नायरो किंताना जिंकला होता.

माझे मत

पन्नाशी ओलांडलेल्या, वर्षभर खुर्चीत बसून काम केलेल्या किंवा बी.पी., मधुमेह, अँजिओप्लास्टी यांपैकी काही नावावर असलेल्या माणसाने पहिल्या सहलीत खिंडीच्या वाटेला जाऊ नये. किनारा धरावा. भित्रेपणा म्हणून मी हे सांगत नाही. त्यामागे साधे गणित आहे.

सपाट रस्त्यावर ७० किलोचा माणूस १२ किलोची सायकल ताशी १५ कि.मी. वेगाने चालवतो तेव्हा त्याच्या पायांना साधारण ४० ते ५० वॅट शक्ती लावावी लागते. दम लागला तर वेग १० वर आणा, काम लगेच निम्म्याहून कमी होते. म्हणजे किती श्रम करायचे हे तुम्ही ठरवता.

आता आठ टक्क्यांचा चढ घ्या. म्हणजे १०० मीटर पुढे जाताना ८ मीटर वर. फोर्क्लाच्या रस्त्यावर याहूनही तीव्र तुकडे आहेत. अशा चढावर ताशी ६ कि.मी. वेगाने रडतखडत जायचे म्हटले तरी सुमारे ११० वॅट लागतात. त्याहून हळू गेलात तर सायकलचा तोल जातो. म्हणजे चढावर श्रमाची एक खालची मर्यादा असते आणि ती तुमचे हृदय ठरवत नाही, रस्ता ठरवतो. या गतीने ७०० मीटर उंची गाठायला जवळजवळ दीड तास लागतो. ज्याच्या हृदयाला वर्षभर जिन्याचे दोन मजलेही चढायची सवय नाही त्याच्यासाठी हा दीड तास फार मोठा आहे.

"पण डॉक्टर, जोरदार व्यायाम हृदयाला चांगला असतो ना?" असतो. पण सवय असलेल्याला. नियमित व्यायाम करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा धोका कमी होतो, आणि सवय नसताना एकदम केलेल्या अतिश्रमाच्या वेळी तोच धोका तात्पुरता वाढतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. शिवाय आपल्या भारतीय लोकांमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे आजार तुलनेने लवकरच्या वयात दिसतात, हेही विसरू नका.

विरळ हवेची भीती मात्र इथे बाळगू नका. उंचीमुळे होणारा त्रास सहसा २५०० मीटरच्या वर सुरू होतो. फोर्क्लावर दम लागला तर कारण चढ आहे, हवा नाही. त्यामुळे "वर हवा विरळ होती म्हणून छातीत जड झालं" अशी स्वतःची समजूत घालू नका.

किनारा म्हणजे कमीपणा नाही

"एवढ्या लांब जाऊन सपाट रस्त्यावरच चालवायची?" असे कोणी म्हणाले तर त्यांना सांगा, २००९ च्या टूर द फ्रान्समध्ये याच तळ्याभोवती ४०.५ कि.मी.ची वेळेविरुद्धची शर्यत झाली होती. स्पेनच्या अल्बेर्तो काँतादोरने वाटेतल्या चढासकट ती ४९ मिनिटांच्या आत पूर्ण केली. तुम्हाला तेवढेच अंतर कापायला तीन-साडेतीन तास लागतील, आणि तब्येतीच्या दृष्टीने तेच हवे आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. ही प्रदक्षिणा एका दिवसात त्याहून जास्त होते. म्हणून ती दोन दिवसांत वाटून केलीत तर अधिक चांगले.

आणखी एक. इलेक्ट्रिक सायकल भाड्याने घेण्यात काहीही लाज नाही. युरोपातील नियमित ई-सायकलची मोटर २५० वॅटची असते, पायडल मारले तरच मदत करते आणि ताशी २५ कि.मी.ला मदत थांबवते. वर सांगितलेली श्रमाची खालची मर्यादा ती खाली आणते. ज्यांना खिंड पाहायचीच आहे त्यांनी ई-सायकलने जावे, पण तेही घरी तयारी करून आणि डॉक्टरांना विचारूनच.

हे लक्षात ठेवा

१. बोलण्याची चाचणी : सायकल चालवताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा.

२. बीटा ब्लॉकर गटातील गोळी चालू असेल तर नाडीचे ठोके मुळातच कमी राहतात. घड्याळातील आकडा पाहून "अजून जोर लावायला जागा आहे" असे समजू नका. बोलण्याची चाचणीच वापरा.

३. इन्शुलिन किंवा साखर खूप कमी करू शकणाऱ्या गोळ्या घेत असाल तर खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. साखर व्यायामानंतर काही तासांनी, रात्रीसुद्धा उतरू शकते. सहलीच्या दिवसाचा डोस आधी डॉक्टरांशी बोलून ठरवा.

४. छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात दुखणे, अचानक घाम, चक्कर यांपैकी काहीही झाले तर थांबा. "गॅस असेल" म्हणून पुढे जाऊ नका. युरोपात तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२ आहे.

५. तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचे असते. तसेच आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, तिकडे बहुधा डावा. निघण्यापूर्वी मोकळ्या जागेत दोन्ही ब्रेक दाबून पाहा. उतारावर चुकून पुढचा ब्रेक करकचून दाबला तर माणूस सायकलवरून फेकला जातो.

६. तयारी इथूनच सुरू करा. जाण्यापूर्वी दोन महिने आठवड्यातून चार-पाच दिवस अर्धा तास सायकल किंवा झपझप चालणे. पुण्यातील मंडळींनी थेट सिंहगडाच्या घाटाने सुरुवात करू नये. तिथेही हेच गणित लागू आहे.

एका डॉक्टरचे तळे

शेवटी या तळ्याची एक गोष्ट सांगायलाच हवी. आज स्वच्छ पाण्यासाठी ओळखले जाणारे हे तळे विसाव्या शतकाच्या मध्यावर गावांच्या सांडपाण्याने बिघडत चालले होते. धोक्याची घंटा वाजवणाऱ्यांमध्ये आघाडीवर होते पॉल सेर्वेत्ता नावाचे स्थानिक डॉक्टर. महापौर शार्ल बोसों आणि काठावरच्या गावांनी ते मनावर घेतले, १९५७ मध्ये एकत्र संस्था स्थापन केली आणि तळ्याभोवती सांडपाणी गोळा करणारी नळांची साखळी घातली. तळे वाचले.

तळे पूर्ण बिघडण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. आपल्या हृदयाच्या बाबतीत आपण मात्र नेमकी तीच वाट पाहतो. खिंडीवरचा एक फोटो आयुष्य वाढवत नाही. रोजचा अर्धा तास वाढवू शकतो. तो अर्धा तास तळ्याकाठी असो की सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर, हृदयाला फरक पडत नाही.

किनाऱ्याने जा, हळू जा, पण जा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या आजारानुसार व्यायामाचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.)