विश्लेषण : आपत्कालीन कक्षाच्या डॉक्टरांना प्रशासन कोण शिकवणार?

जानेवारी २०२५मध्ये पुण्यातील रुग्णालयांत एकाच प्रकारचे रुग्ण येऊ लागले. आधी जुलाब, मग काही दिवसांनी पायांतली ताकद जाणे, हात उचलता न येणे, काहींना श्वास घेणेही कठीण. गुइलेन-बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, हे नाव त्या महिन्यात घरोघरी पोहोचले. रुग्णांचे पत्ते जुळवले तेव्हा ते मोठ्या प्रमाणावर सिंहगड रस्त्याच्या टोकाचे निघाले : नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला. रुग्णसंख्या दोनशेच्या पुढे गेली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला आणि संशयाची सुई पिण्याच्या पाण्याकडे वळली. यांतली काही गावे ३० जून २०२१ रोजी महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी. त्यांना शुद्धीकरण प्रकल्पाचे पाणी तोवर मिळालेले नव्हते, विहिरीतल्या पाण्यात क्लोरीन टाकून ते पुरवले जात होते.

चर्चा पाण्याची झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण या साथीने आणखी एक गोष्ट उघडी केली, तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

जीबीएस साथीने काय दाखवले?

हा आजार दुर्मीळ आहे. जगभरात वर्षाला लाखामागे एक-दोन रुग्ण, एवढेच त्याचे प्रमाण. त्यामुळे एका आठवड्यात एकाच परिसरातून दोन-तीन रुग्ण आले, तरी ती धोक्याची घंटा असते. मात्र ती ऐकू येण्यासाठी काही साध्या गोष्टी लागतात. कक्षाच्या नोंदवहीत लक्षणे आणि पत्ता नीट लिहिलेला हवा. ती नोंद कोणी तरी आठवड्याने चाळून पाहायला हवी. शेजारच्या रुग्णालयाला फोन करून ‘तुमच्याकडेही असे रुग्ण आहेत का’, असे विचारण्याची मुभा हवी. आणि महापालिकेच्या आरोग्य विभागात नेमके कोणाला कळवायचे, हे ठाऊक हवे.

पुढे प्रश्न येतो खाटांचा. जीबीएसचा गंभीर रुग्ण काही आठवडे अतिदक्षता विभागात राहू शकतो, व्हेंटिलेटर अडकून पडतो, इम्युनोग्लोब्युलिनची महागडी इंजेक्शने लागतात. शासनाने त्या वेळी पुणे शहरातील रुग्णांसाठी कमला नेहरू रुग्णालयात, पिंपरी-चिंचवडच्या रुग्णांसाठी वायसीएममध्ये आणि ग्रामीण भागासाठी ससूनमध्ये मोफत उपचारांची सोय जाहीर केली. निर्णय योग्यच होता. पण खडकवासल्याहून मंगळवार पेठेतले कमला नेहरू रुग्णालय किंवा ससून गाठायचे, तर अठरा-वीस किलोमीटर जावे लागते. रविवारी धरणाच्या चौपाटीवर आणि सिंहगडावर गर्दी उसळते, त्या दिवशी हा रस्ता कसा असतो, हे पुणेकरांना सांगायला नको.

याच पट्ट्याजवळ महामार्गावरचा नवले पूल आहे. तिथे नोव्हेंबर २०२२मध्ये एकाच अपघातात चाळीसहून अधिक वाहनांचे नुकसान झाले होते. याच पट्ट्यात धरण आहे. जुलै २०२४मध्ये खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास विसर्ग झाला आणि एकतानगरीत पाणी शिरले. साथ, अपघात आणि पूर या तिन्हींचा पहिला भार ज्या खोलीवर येतो ती म्हणजे कॅज्युअल्टी. ती चालवणाऱ्या डॉक्टरला हृदय बंद पडलेला रुग्ण परत कसा आणायचा, हे शिकवलेले असते. एकाच वेळी वीस रुग्ण आले, तर परिचारिका, खाटा, रक्तपिशव्या आणि रुग्णवाहिका कशा वाटायच्या, हे त्याने आपापले शिकायचे असते.

प्रशासकीय फेलोशिप म्हणजे नेमके काय?

अमेरिकेत आपत्कालीन वैद्यकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांसाठी एक किंवा दोन वर्षांची प्रशासकीय फेलोशिप अनेक विद्यापीठ रुग्णालयांत असते. फेलो काही पाळ्या रुग्णसेवेत करतो आणि उरलेला वेळ विभागप्रमुखासोबत घालवतो. ड्युटीचे वेळापत्रक, अंदाजपत्रक, तक्रारींची चौकशी, चुकलेल्या उपचारांचा आढावा, आपत्ती आराखडा ही कामे तो प्रत्यक्ष हाताळतो. काही ठिकाणी सोबत व्यवस्थापनाची पदवीही मिळते. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ इमर्जन्सी मेडिसिनने शिकाऊ डॉक्टरांसाठी ‘ईएमलीडर्स’ हा नेतृत्वाचा कार्यक्रम आखला आहे.

या प्रशिक्षणाचा गाभा एका नेहमीच्या दृश्यातून समजतो. रुग्णाला दाखल करायचे ठरले आहे, पण वॉर्डात खाट नाही, म्हणून तो कॅज्युअल्टीतच स्ट्रेचरवर तासन् तास पडून आहे. नातेवाईक डॉक्टरवर चिडतात. वस्तुस्थिती अशी असते की खाट वरच्या मजल्यावर अडलेली असते. तिथल्या बऱ्या झालेल्या रुग्णाचा डिस्चार्जचा कागद दुपारी चारपर्यंत तयार होत नाही, कारण वरिष्ठांची फेरी उशिरा झाली किंवा बिलाचा विभाग जेवायला गेला. म्हणजे कॅज्युअल्टीतली गर्दी कमी करण्याचा उपाय कॅज्युअल्टीत नसतोच. तो शोधायचा, तर दुसऱ्या विभागप्रमुखांशी आकडे घेऊन बोलावे लागते. हे बोलणे ही शिकण्याची गोष्ट आहे, आरडाओरड्याने ते साधत नाही.

भारतात हा विषय कुठे आहे?

आपत्कालीन वैद्यकशास्त्राला स्वतंत्र शाखा म्हणून भारतात मान्यता मिळाली ती २००९मध्ये. म्हणजे शाखाच अजून तरुण. २०२०च्या नियमांनी वैद्यकीय महाविद्यालयांत हा विभाग सक्तीचा केला आणि २०२३च्या निकषांत तो अनिवार्य विभागांच्या यादीतून वगळला गेला. पाया असा डळमळीत असताना नेतृत्वाच्या प्रशिक्षणाचा मजला चढवायचा कशाला, असे कोणी विचारू शकेल. तरी २०१९पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात भारतीय वैद्यकीय पदवीधराच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत आणि त्यांतली एक आहे आरोग्य पथकाचा नेता व सदस्य ही. कागदावर नेता आहे, त्याला घडवण्याचा तास मात्र वेळापत्रकात सापडत नाही.

खडकवासल्यात ही गोष्ट विशेष खटकते. १९५५पासून इथल्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना तीन वर्षे नेतृत्व हा अभ्यासाचा विषय म्हणून शिकवला जातो. माणसे उपजत नेते असतात, यावर सैन्य विसंबून राहत नाही. पुण्यातल्याच सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णालय प्रशासनात एमडीही करता येते. पण असा प्रशासक आणि रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत उभा असलेला डॉक्टर, या बहुधा दोन वेगळ्या व्यक्ती असतात. अडचण तिथेच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने हे फार पूर्वी ओळखले होते. पश्चिम बंगालमध्ये १९९२ साली रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले. १९९६च्या निकालात न्यायालयाने भरपाई तर दिलीच, शिवाय खाट कुठे रिकामी आहे हे कळावे यासाठी मध्यवर्ती संपर्क यंत्रणा उभारावी, असेही सांगितले. हा आदेश औषधोपचारांविषयी नव्हता, पूर्णपणे प्रशासनाविषयी होता. ‘व्हेंटिलेटर नाही, ससूनला घेऊन जा’ असे तोंडी सांगून, पुढे फोनही न करता रुग्ण वाटेला लावण्याची सवय आजही गेलेली नाही.

आक्षेपांत तथ्य किती?

पहिला आक्षेप रास्त आहे : प्रशिक्षित आपत्कालीन डॉक्टरच कमी, त्यांतले काही बैठकांना बसवले, तर रुग्ण कोण पाहणार? याचे उत्तर फेलोशिपच्या रचनेत आहे. फेलोने पाळ्या सोडायच्या नाहीत, फक्त त्यांची संख्या कमी करायची. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. खासगी रुग्णालयांत ‘डॉक्टर-व्यवस्थापक’ म्हणजे महसूल वाढवणारा माणूस, अशी भीती लोकांना वाटते आणि ती निराधार नाही. सरकारी व्यवस्थेतही आकड्यांचा सोस घातक ठरतो. ब्रिटनने २००४मध्ये आपत्कालीन विभागात चार तासांच्या आत निर्णयाचे उद्दिष्ट ठेवले. त्यातून प्रतीक्षा घटली, पण मिड स्टॅफर्डशायर प्रकरणाच्या २०१३च्या चौकशी अहवालात उद्दिष्टे आणि ताळेबंद यांच्यापायी रुग्णांची हेळसांड झाल्याचे समोर आले. तेव्हा आकडे कसे वाचायचे, याच्याबरोबरच ते केव्हा बाजूला ठेवायचे, हेही अभ्यासक्रमात हवे.

खरी अडचण मात्र अधिकारांची आहे. फेलोशिपचे प्रमाणपत्र भिंतीवर लावले आणि मॉनिटर दुरुस्त करायला तीन सह्या व चार महिने लागत राहिले, तर उपयोग शून्य. सरकारी रुग्णालयात आपत्कालीन कक्षाचा प्रमुख अनेकदा दुसऱ्या विभागाकडून उसना घेतलेला असतो आणि ज्येष्ठता हीच त्याची पात्रता असते. अशा व्यवस्थेत तरुण फेलोने सुचवलेला बदल ‘तुम्ही कालचे’ म्हणून बाजूला पडणार, हे गृहीत धरूनच आखणी करावी लागेल. कक्षासाठी ठरावीक रकमेपर्यंत थेट खर्चाचा अधिकार, ड्युटी लावण्याचा अधिकार आणि वॉर्डातल्या खाटांच्या रोजच्या बैठकीत स्थान, इतके तरी लेखी द्यावे लागेल.

पुण्यात सुरुवात कशी करता येईल?

यासाठी नवी इमारत लागत नाही. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ विविध विषयांतील फेलोशिप चालवतेच. अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी यशदा बाणेर रस्त्यावर आहे. २०१४मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झालेल्या १०८ सेवेचा नियंत्रण कक्ष औंधला आहे. फेलोचे पहिले तीन महिने तिथेच जावेत. कॉल आल्यापासून रुग्ण रुग्णालयाच्या दारात पोहोचेपर्यंत वेळ कुठे जातो, कोणते रुग्णालय किती वेळा नकार देते, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही. पुढचे महिने ससून आणि कमला नेहरू रुग्णालयात. कमला नेहरू महापालिकेच्या अटलबिहारी वाजपेयी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे, त्यामुळे शिकवण्याची सोयही होईल. आणि काही आठवडे महापालिकेच्या साथरोग कक्षात, म्हणजे पाण्याच्या नमुन्याचा अहवाल आणि कॅज्युअल्टीची नोंदवही एकाच टेबलावर येतील.

वर्षाचा खर्च म्हणजे मुख्यतः दोन-चार डॉक्टरांचे विद्यावेतन. तो महापालिकेने उचलायचा की वैद्यकीय शिक्षण विभागाने, हा वाद सुरू होईलच. मात्र फेलोंची पहिली तुकडी पावसाळ्याआधी रुजू व्हायला हवी, कारण धरणातून विसर्ग सुरू झाल्यावर नदीकाठची कोणती रुग्णालये रुग्ण घेऊ शकतील आणि कोणाचे जनरेटर तळघरात आहेत, याची यादी तेव्हा हाताशी लागते.