रेशनचा गहू आणि गळालेले केस

मैत्रिणींनो, डिसेंबर २०२४च्या अखेरीस आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातून बातमी आली आणि साऱ्यांच्या पोटात गोळा आला. बोंडगाव, कालवड अशा गावांत आधी डोकं खाजायचं, मग मुठीमुठीने केस हातात यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल! बाधितांचा आकडा २७५च्या वर गेला. मुली लाजेने घरात बसल्या. एप्रिल २०२५मध्ये त्याच भागात नखं गळायला लागली.

कुणी शाम्पूला दोष दिला, कुणी खारपाणपट्ट्यातल्या पाण्याला. जानेवारीत आयसीएमआरचं पथक येऊन नमुने घेऊन गेलं. फेब्रुवारीत महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी आपला निष्कर्ष मांडला : रेशनच्या गव्हात सेलेनियम अतोनात आणि रुग्णांच्या रक्तात जस्त कमी. हा गहू पंजाब-हरियाणाकडचा. पंजाबात शिवालिक डोंगरांच्या पायथ्याशी काही जमिनींत सेलेनियम मुळातच जास्त आहे.

आता गंमत बघा. सेलेनियम हे काही नुसतं विष नाही. थायरॉईडच्या कामाला ते लागतंच. चीनमध्ये केशान भागातल्या मातीत ते फार कमी, तर तिथे बायका-मुलांना हृदयाचा आजार जडायचा. पण गरज किती? रोज ४० ते ५५ मायक्रोग्रॅम. ४००च्या वर गेलं की धोका. बावस्करांनी तपासलेल्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम निघालं. म्हणजे पाव किलो गव्हाच्या पोळ्यांत साडेतीन हजार मायक्रोग्रॅमच्या वर!

केसांवरच का? केस-नखं ज्या प्रथिनाची बनतात त्याला गंधकाने बळकटी येते. सेलेनियम गंधकाचा जुळा भाऊच. तो त्याची जागा बळकावतो आणि केस ठिसूळ होतो. दाण्याच्या प्रथिनातच ते बसलेलं असल्यामुळे गहू धुऊनही फारसा फरक पडत नाही.

इथे बीबीत बायका मला विचारतात, "ताई, मग रेशनचा गहू खायचाच नाही का?" असं सरसकट म्हणता येणार नाही. जानेवारी २०२३पासून हे धान्य मोफत मिळतं, कितीतरी चुली त्यावर पेटतात. पण ज्या घरात दोन्ही वेळा एकाच पोत्यातला गहू, तिथे त्यातला दोषही दोन्ही वेळा पोटात जातो. म्हणून ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, तीळ, शेंगदाणे ताटात परत आणा. जस्तही त्यातूनच मिळतं. केस गळतात म्हणून दुकानातून गोळ्या मात्र मनाने घेऊ नका. त्यांत सेलेनियम असू शकतं.

आणि एक. ओलावा, खडे, किडका दाणा डोळ्यांना दिसतो. सेलेनियम प्रयोगशाळेतच कळतं. तेव्हा येत्या ग्रामसभेत हात वर करून विचारू या : आमच्या गावात येणाऱ्या गव्हाची तपासणी कुठे होते, आणि तिचा अहवाल आम्हाला कधी दाखवणार? मोफत असलं तरी ते आपल्या लेकरांच्या तोंडी जातं, बाई!