खरारा

शाळेत ‘करी फेव्हर’ हा इंग्रजी वाक्प्रचार प्रथम भेटला, तेव्हा ‘मर्जी संपादन करणे’ असा त्याचा अर्थ मास्तरांनी सांगूनही मर्जीचा आणि कालवणाचा संबंध काय, हे कोडे आम्हां मुलांना उलगडले नाही; साहेबलोक बहुधा रस्साभाताने वश होत असावेत, अशी समजूत करून घेऊन आम्ही पुढच्या धड्याकडे वळलो. पुढे कोश चाळताना कळले की, पानातली करी तमिळमधून इंग्रजीत गेली, हे क्रियापद मात्र जुन्या फ्रेंचमधून आले आणि त्याचा अर्थ घोड्याला खरारा करणे असा आहे.

घोडाही ठरलेला आहे. 1310 आणि 1314 या सालांच्या दोन भागांत रचलेल्या एका फ्रेंच उपहासकाव्यात फोव्हेल नावाचा मातकट पिवळा घोडा तबेला सोडून राजवाड्यात जाऊन बसतो, आणि राजेरजवाड्यांपासून खुद्द पोपपर्यंत सारे त्याला खरारा करण्यासाठी धाव घेतात. खुशामत, लोभ, नीचपणा, चंचलपणा, मत्सर आणि भ्याडपणा या सहा दुर्गुणांच्या फ्रेंच आद्याक्षरांनी त्याचे नाव सिद्ध झाले आहे. इंग्रजीत तो ‘फेव्हेल’ झाला. कालांतराने घोडा विस्मृतीत गेला आणि सोळाव्या शतकात त्याच्या जागी ‘फेव्हर’, म्हणजे मर्जी, येऊन बसली. प्रामाणिक सेवेने मिळवलेल्या कृपेला मात्र इंग्रज हा वाक्प्रचार लावीत नाही. यात निंदा गृहीतच असते.

ज्याने पागा पाहिली आहे, त्याला या उपमेचे मर्म सांगावे लागत नाही. मोतद्दाराने एक हात आयाळीवर ठेवून दुसऱ्या हातातला दातेरी खरारा मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत फिरवण्यास आरंभ केला की, भले तेजस्वी जनावरही डोळे अर्धवट मिटून खालचा ओठ लोंबू देते. शिरस्तेदाराने मसुद्याची तारीफ आरंभिताच आमच्या एका वरिष्ठांची मुद्रा नेमकी अशीच होत असे. आणि सही हवी असलेला कागद तेवढ्यात पुढे सरके.

आपण खुशामतीला लांगूलचालन म्हणतो, गोंडा घोळणे म्हणतो. म्हणजे आपल्या भाषेत जनावर ठरतो तो खुशामत करणारा, फ्रेंच कवीच्या लेखी मात्र करवून घेणारा. भर्तृहरीने नीतिशतकातल्या एकाच श्लोकात दोघांनाही जागा दिली आहे: तुकड्यासाठी शेपूट हलवून पोट दाखवणारा कुत्रा, आणि शंभर आर्जवे झाल्याखेरीज घास न घेणारा गजराज. कवीने गजराजाला धीरगंभीर म्हटले आहे. पण आर्जवांची वाट पाहणारा हत्ती आणि खराऱ्याखाली डोळे मिटणारा घोडा यांच्यात मला तरी फारसे अंतर दिसत नाही.

तेव्हा वाचकहो, कोणी आपली फार वाहवा करू लागला तर त्याच्या शेपटीकडे मागाहून पाहावे. आधी आपल्या पाठीवर खरारा फिरतो आहे काय, हे तपासावे.